गोव्यात नोकरीला येताय? घराबरोबर मनाचीही सोय बघा

गोव्यात नोकरी लागली असं सांगितलं की पलीकडून एकच उत्तर येतं, "मजा आहे बुवा तुझी!" मी २०१२ साली सांगलीहून फोंड्याला आले तेव्हा हे वाक्य निदान पन्नास जणांनी ऐकवलं असेल. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी, तीन पाळ्या, भाड्याची एक खोली. पहिल्या दोन महिन्यांत समुद्र मी एकदाच पाहिला. पुढे झोप उडाली, जेवण तुटलं, रविवारी दुपारी कारण नसताना रडू यायला लागलं, आणि हे सांगायचं कुणाला तेच कळेना. जिची सगळ्यांच्या मते मजाच चालली आहे, तिने रडायचं कुठे?

दुबईला किंवा जर्मनीला जाणारा माणूस आपण परक्या मुलखात चाललो आहोत हे मनाशी धरूनच विमानात बसतो. गोव्यात येणाऱ्या मराठी माणसाला तसं वाटत नाही. पाट्या देवनागरीत, दारात मराठी पेपर, देवळात ओळखीचे अभंग, सावंतवाडी हाकेच्या अंतरावर. त्यामुळे आपण कसलीच तयारी करत नाही, आणि एकटेपणा आला की तो एकटेपणा आहे हेच आपल्याला ओळखू येत नाही.

तेव्हा कुणी सांगितलं असतं तर माझं दीड वर्ष वाचलं असतं, अशा गोष्टी इथे लिहिते आहे. तुम्ही वेर्ण्याच्या कारखान्यात येत असाल, वास्कोच्या शिपयार्डात, दोनापावलच्या समुद्रविज्ञान संस्थेत, एखाद्या हॉटेलात किंवा लॅपटॉप घेऊन आसगावात, क्रम साधारण हाच ठेवा.

सामान बांधण्याआधी

मनाच्या आजारासाठी आधीपासून औषधं चालू असतील तर तुमच्या डॉक्टरांकडून एक पान लिहून घ्या. निदान काय, औषधांची मूळ नावं (नुसती कंपनीची नावं नकोत), डोस, कधीपासून चालू आहेत, आणि आधी कोणतं औषध देऊन का बंद केलं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. ते माहीत नसलं की नव्या डॉक्टरांचे दोन महिने तेच औषध पुन्हा करून पाहण्यात जातात. निदान महिनाभराच्या गोळ्या सोबत ठेवा आणि त्या ट्रकमध्ये न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा.

"आता गोव्यातच चाललोय, तिथे कशाला लागतील" असं म्हणून गोळ्या थांबवलेले दोघे जण मला माहीत आहेत. नैराश्यावरच्या गोळ्या एकदम सोडल्या की चक्कर, चिडचिड, झोपेचा विचका होतो, आणि नव्या जागेच्या ताणात हा आजार परतला, की औषध सुटल्याचा परिणाम आहे, हेही कळत नाही. जुन्या डॉक्टरांशी व्हिडिओ कॉलवर बोलत राहता येतं; २०२० च्या टेलिमेडिसिन नियमावलीने त्याला रीतसर परवानगी आहे. तरीही प्रत्यक्ष तपासू शकेल असा एक डॉक्टर इथे हवाच.

पैशांचं गणितही आधीच करा. गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना चांगली आहे, पण तिच्या कार्डासाठी पाच वर्षांचा रहिवास लागतो. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, ज्याला इथे सगळे 'गोमेकॉ' म्हणतात, २०१८ पासून राज्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क आकारायला सुरुवात झाली. म्हणजे पहिली पाच वर्षं तुमचा विमा हाच तुमचा आधार. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराच्याच धर्तीवर विमा देणं बंधनकारक केलं आहे. मात्र बहुतेक पॉलिसी रुग्णालयात भरती झाल्यावरचा खर्च देतात, दर आठवड्याची समुपदेशनाची फी देत नाहीत. ते कलम सही करण्याआधी वाचा. पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू होतो का हे कंपनीला विचारा. मडगावात ईएसआयचं रुग्णालय आहे.

घर: समुद्रापासून किती लांब हे विचारू नका

विचारायचं ते हे: संध्याकाळी सातनंतर इथून बस मिळते का? शेजारी कोण राहतं? चालत जाण्याच्या अंतरावर दुकान, देऊळ, मैदान, वाचनालय यांपैकी काय आहे?

गोव्यात एकटं पडण्याचं पहिलं कारण मन नसून वाहन असतं, हे माझं ठाम मत आहे. पणजी-मडगाव मार्गावर सरकारी कदंब महामंडळाची थेट बससेवा उत्तम आहे, पण आतल्या गावांत रात्री बस नसते. ओला-उबर इथे चालत नाहीत, गोवामाइल्स ॲपची टॅक्सी रोजच्या रोज परवडत नाही. ज्याच्याकडे दुचाकी नाही तो संध्याकाळी सातनंतर घरात कोंडला जातो. घर, कंपनीची बस, घर. मी पहिलं वर्ष असंच काढलं. पहिल्या पगारातून जुनी का होईना स्कूटर घ्या किंवा फोंडा, म्हापसा, मडगाव, पणजी यांपैकी एखाद्या शहरातच खोली घ्या. समुद्राकाठच्या गावातलं सुंदर घर पावसाळ्यात किती सुनं होतं ते भाडेकरार करताना दिसत नाही.

आणि घरमालकांशी बोला. माझ्या घरमालकीण काकी पहिल्या आठवड्यात रोज विचारायच्या, "जेवंक यो गो." मला वाटायचं, भाडेकरूला म्हणायची पद्धत असेल, आणि मी नाही म्हणत राहिले. ते खरं आमंत्रण होतं. सहा महिन्यांनी एकदाची गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "आम्हाला वाटलं तुला आमचं जेवण चालत नाही."

भाषा: इथे जरा जपून

तुम्हाला कोकणी बरीचशी कळेल आणि समोरच्याला मराठी पूर्ण कळेल. त्यातून एक चूक सगळे करतात. कोकणी ही मराठीचीच बोली आहे, असं चहा पिता पिता सहज बोलून जातात. बोलू नका. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का यावरचा १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल आणि पुढचं भाषा आंदोलन हे इथल्या घराघरांतून गेलेलं आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी ही राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामात जागा राहिली. तुम्ही मराठी बोललात म्हणून कुणी दुखावत नाही, कोकणीला स्वतंत्र भाषा मानायचं नाकारलंत तर दुखावतात.

चार वाक्यं शिका: "म्हाका कोंकणी शिकूंक जाय" (मला कोकणी शिकायची आहे), "सवकास उलयात" (सावकाश बोला), "कशें आसा?" (कसं आहे?), "देव बरें करूं" (धन्यवाद). उच्चार चुकू देत. माझ्या विभागातल्या बायका माझी कोकणी ऐकून पोट धरून हसायच्या, आणि त्या हसण्यातूनच मी त्यांच्या डब्याच्या टेबलावर पोचले. तोवर त्या जेवताना कोकणीत बोलायच्या आणि मी फोनमध्ये डोकं घालून बसायची. त्या मला वगळत नव्हत्या, मीच खुर्ची लांब ओढत होते.

पहिले तीन महिने: माणसं दोन प्रकारची जोडा

पहिली, ज्यांना तुमच्या कामाशी काही देणंघेणं नाही अशी. यासाठी आठवड्यातून एक ठरलेली वेळ आणि एक ठरलेली जागा हवी. मैत्री गप्पांतून होते असं आपण म्हणतो. मोठ्या वयात ती जास्त करून त्याच माणसांना पुन्हा पुन्हा भेटण्यातून होते. पणजीत पाटो इथलं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ सालचं आहे, मराठी पुस्तकं भरपूर. पर्वरीला गोमंतक मराठी अकादमी, मडगावात कित्येक दशकं चालत आलेलं गोमंत विद्या निकेतन, कांपालला कला अकादमी. नाटकाची हौस असेल तर तुम्ही योग्य ठिकाणी आला आहात. इथे गावोगाव जत्रेला गावातल्याच लोकांनी बसवलेलं मराठी नाटक होतं आणि पडदा ओढायला, प्रॉम्प्टिंग करायला नेहमी माणूस कमी असतो. भजनाची आवड असेल तर देवळातल्या भजनात टाळ घेऊन मागे बसायला कुणी ओळखपत्र मागत नाही. वास्कोच्या दामोदर सप्ताहात श्रावणात चोवीस तास अखंड भजन चालतं. तिथे रात्री दोन वाजता, पाळी संपवून, मी पहिल्यांदा अनोळखी माणसांत बसून मोकळेपणी रडले. कुणी विचारलं नाही, शेजारच्या आजींनी फक्त पाण्याचा तांब्या पुढे केला. (देवाधर्माची आवड नसेल तर हे सोडून द्या, इतिहासकार दामोदर कोसंबींच्या नावाने पणजीत होणारी व्याख्यानमाला किंवा पक्षिनिरीक्षणाची सकाळ तितकीच चालेल.)

दुसरी माणसं तुमच्या पेशातली, पण तुमच्या कंपनीतली नव्हेत. यावर मी जोर देते आहे, कारण नव्या गावात वरिष्ठांचा त्रास, कराराची भीती, बढती हुकणं हे मनावर दुप्पट बसतं आणि ते सहकाऱ्यांशी बोलता येत नाही. गोवा चेंबर ऑफ कॉमर्स १९०८ पासून आहे. गोवा मॅनेजमेंट असोसिएशन, गोवा टेक्नॉलॉजी असोसिएशन, पर्यटनवाल्यांची टीटीएजी, सनदी लेखापालांची आणि डॉक्टरांची गोवा शाखा, विज्ञान परिषद, या सगळ्यांचे कार्यक्रम होत असतात. स्वतःचा उद्योग करायचा असेल तर वेर्ण्याचं सिबा आणि फातोर्ड्याच्या डॉन बॉस्को अभियांत्रिकी महाविद्यालयातलं फायर ही दोन इन्क्युबेशन केंद्रं, म्हणजे नव्या उद्योगांना उभं राहायला मदत करणाऱ्या संस्था. पहिल्या कार्यक्रमाला व्हिजिटिंग कार्ड वाटत फिरू नका. दोन माणसांशी नीट बोला, आणि आठवड्याने त्यातल्या एकाला चहाला बोलवा. गोव्यात ओळख हळू होते, पण झाली की तुमच्या घरच्या आजारपणापर्यंत पोचते.

घरून काम करणाऱ्यांनी हे अधिक मनावर घ्यायला हवं. तुमचा साहेब बंगळुरूला, टीम पुण्याला, आणि तुम्ही आसगावात. दिवसभरात तुमचा चेहरा प्रत्यक्ष पाहणारा माणूस फक्त पाववाला पोदेर असेल तर आठवड्यातले दोन दिवस तरी एखाद्या सामायिक कार्यालयात जाऊन बसा, पैसे मोजावे लागले तरी.

कुणाकडे जायचं, आणि कधी

साधा नियम: मन उदास राहणं किंवा कशातच रस न वाटणं हे बहुतेक दिवस, सलग दोन आठवडे टिकलं, आणि सोबत झोप, भूक, काम यांवर परिणाम व्हायला लागला, तर दाखवायला जा. "सवय होईल" म्हणत मी सात महिने थांबले.

कोण कोण असतं ते आधी समजून घ्या. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर या विषयात शिकलेले डॉक्टर. औषध तेच देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत, पण चाचण्या आणि उपचारपद्धतींचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेलं असतं आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, त्यांची नोंदणी असते. तो नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका, चांगला माणूस लगेच सांगतो. समुपदेशक या शब्दाखाली मात्र पदव्युत्तर शिकलेल्यांपासून दोन दिवसांचं शिबिर केलेल्यांपर्यंत सगळे येतात. शिक्षण, अनुभव, आणि प्रकरण हाताबाहेर गेलं तर तुम्ही कुणाकडे पाठवता, हे तीन प्रश्न विचारा. तिसऱ्याला उत्तर नसेल तर उठा.

मी पहिल्यांदा ज्या ठिकाणी गेले तिथे "लग्न करा, मन रमेल" हा सल्ला मिळाला आणि आठवड्याभरात ते कंपनीत एकीच्या कानावर पोचलेलं होतं. ते ठिकाण कोणतं हे सांगण्यात अर्थ नाही. अर्थ यात आहे की गोवा लहान आहे. २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाख माणसं. तुमच्या समुपदेशकाची मावसबहीण तुमच्या एचआरमध्ये असू शकते. म्हणून दुसऱ्या तालुक्यातला माणूस निवडा आणि पहिल्याच भेटीत विचारा, "माझी माहिती कुणाकुणाला कळेल?" २०१७ चा कायदा गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानतो, आणि हक्क विचारल्यावर अधिक पाळला जातो.

सरकारी व्यवस्थेत सगळ्यात मोठी जागा बांबोळीची मनोरुग्णसंस्था, आयपीएचबी, गोमेकॉच्या जवळच. नावाला घाबरू नका. तिथे बाह्यरुग्ण विभागात रोज येणारी बहुतेक माणसं तुमच्या-माझ्यासारखी, झोप न लागणारी, धडधडणारी, दारू सोडू पाहणारी असतात. सकाळी लवकर जा, केस पेपर काढा, जुनी कागदपत्रं न्या, आणि अर्धा दिवस हातात ठेवा. म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात, ज्याला जुने लोक अजून आझिलो म्हणतात, आणि मडगावच्या जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची ओपीडी असते. वार आणि वेळ आधी फोन करून विचारा. डॉक्टरांनी थायरॉइडची किंवा ब-१२ ची रक्ततपासणी सांगितली तर "मला मनाचा त्रास आहे, रक्त कशाला" म्हणू नका; थकवा आणि उदासीचं मूळ कधी तिथेही असतं. औषध दिलं तर फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थता येऊ शकते आणि नेमकी तेव्हाच बरीच माणसं गोळी सोडतात. सोडू नका, डॉक्टरांना फोन करा.

स्वयंसेवी कामात म्हापशाची 'कूज' ही संस्था आत्महत्या प्रतिबंधाची हेल्पलाइन आणि दीर्घ आजारातून उठणाऱ्यांसाठी पुनर्वसन केंद्र चालवते. आणि पर्वरीची 'संगाथ', १९९६ मध्ये सुरू झालेली. तिच्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण गोव्यात राहून हे माहीत नसावं याचं मला वाईट वाटतं. 'मानस' नावाच्या अभ्यासात संगाथने गोव्यातल्या चोवीस दवाखान्यांत, बारा सरकारी आणि बारा खासगी, एक साधी गोष्ट करून पाहिली. डॉक्टर नसलेल्या, इथल्याच सामान्य माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केलं आणि नैराश्य-चिंतेच्या रुग्णांना त्यांच्याकडे सोपवलं. निष्कर्ष २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. सरकारी आरोग्यकेंद्रांत सहा महिन्यांनी अशा आधाराने बरे झालेले शंभरातले सुमारे ६६ होते, नेहमीच्या उपचारावरचे सुमारे ४३. पुढे त्यांनी तीव्र नैराश्यासाठी सहा ते आठ भेटींचा एक छोटा उपचारक्रमही तसाच तयार केला. जगभरात आज या कामाचा दाखला देतात. मला त्यातून एवढंच कळलं की नीट ऐकणारं, शिकवलेलं माणूस हेही औषध आहे, आणि ते याच मातीत मोजून पाहिलेलं आहे.

उपचाराची भाषा निवडताना माझी एक कसोटी आहे: घरी ज्या भाषेत भांडता त्या भाषेत. इथले बरेच डॉक्टर कोकणी, मराठी, हिंदी, इंग्रजी सगळं बोलतात, पण आपण सुशिक्षित दिसावं म्हणून इंग्रजीत सुरुवात करतो आणि मग "स्ट्रेस", "अँग्झायटी" असे तयार शब्द वापरून मोकळे होतो. मी मराठीत "घशात आवंढा अडकल्यासारखं होतं, गिळवत नाही" म्हटलं तेव्हा डॉक्टरांनी पहिल्यांदा लिहिणं थांबवून वर पाहिलं.

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारिया यांचा पुतळा आहे, आडवी झालेली बाई आणि तिच्यावर हात उगारून उभा असलेला पाद्री. पर्यटक फोटो काढतात आणि पुढे जातात. १७५६ साली कांदोळीत जन्मलेला हा माणूस. संमोहनाची शक्ती करणाऱ्याच्या हातात नसते, ती घेणाऱ्याच्या मनात असते, हे त्याने पॅरिसमध्ये सांगितलं. त्याची एक गोष्ट इथे सगळे सांगतात. तरुणपणी पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन द्यायला उभा राहिला आणि घाबरून त्याची वाचाच बसली. तेव्हा जवळ असलेल्या वडिलांनी हळूच कोकणीत म्हटलं, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी." भीती गेली आणि तो घडाघडा बोलला. समोर बसलेले सरदार-दरकदार त्याला घरच्या भाषेखेरीज दुसऱ्या कोणत्याही भाषेत भाजी म्हणून दाखवता आले असते का, मला शंका आहे.

पहिला पावसाळा

जून ते सप्टेंबर. फोटोत हिरवागार दिसतो. प्रत्यक्षात आठ-आठ दिवस ऊन नाही, कपडे वाळत नाहीत, वीज जाते, भिंतींना बुरशी, जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद, किनारपट्टीवरची निम्मी दुकानं बंद. नव्याने आलेल्यांपैकी बरेच जण याच काळात खचतात. मीही तेव्हाच.

यावर उपाय छोटा आहे आणि तो करावाच लागतो. मूड आला की काम करू, असं म्हणून चालत नाही. आधी काम, मग मूड. संगाथच्या त्या सहा-आठ भेटींच्या उपचाराचा गाभा हाच आहे. वहीत रोज तीन ओळी: एक काम शरीराचं, एक हाताचं, एक माणसाशी. माझ्या वहीत असायचं, "छत्री घेऊन बाजारापर्यंत. उसळीला मूग भिजत घालणं. आईला नव्हे, मैत्रिणीला फोन." आई मुद्दाम वगळली होती, कारण आईशी मी बरी असल्याचं नाटक करायची. प्रत्येक कामापुढे किती बरं वाटलं त्याचे दहापैकी गुण लिहा. दोन आठवड्यांनी वहीच सांगते काय वाढवायचं.

दारूबद्दल स्पष्ट बोलते. गोव्यात ती महाराष्ट्रापेक्षा स्वस्त आहे, दर कोपऱ्यावर आहे, आणि एकट्याने संध्याकाळी एक ग्लास घेणं इथे कुणाच्या डोळ्यावर येत नाही. झोप यावी म्हणून घेतलेली दारू रात्री तीनला उठवते आणि सकाळ आणखी काळी करते. झोपेसाठी पिताय असं लक्षात आलं तर तो दिवस डॉक्टरांकडे जाण्याचा. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा गोव्यात होतात, फुकट असतात, नाव-आडनाव विचारत नाहीत.

आणि चवथ. गणेशचतुर्थीला गोवेकर आपापल्या मूळ घरी जातो. शहरं रिकामी होतात, खाणावळी बंद, कंपनीत स्थानिकांच्या रजा आधी लागतात आणि पाळी चालवायला बाहेरचे उरतात. घरच्या गणपतीची आरती व्हिडिओ कॉलवर बघत मेसच्या डब्याची वाट पाहणं, यासारखा दिवस दुसरा नाही. महिनाभर आधी ठरवा. रजा मिळत असेल तर घरी जा. नसेल तर सहकाऱ्याला सरळ म्हणा, "तुमची चवथ बघायला येऊ का?" हे विचारणं इथे वावगं मानत नाहीत, उलट मान वाटतो. गणपतीच्या वर टांगलेल्या माटोळीला बांधलेली रानफळं, घुमट या मातीच्या वाद्यावरची आरती, पातोळ्या. जाताना नारळ आणि उदबत्ती न्या.

साहेबांना सांगायचं का?

निदान सांगण्याची गरज नाही, गरज सांगा. "सहा आठवडे रात्रपाळी नको, डॉक्टरांचं पत्र देते" एवढं पुरतं. मोठ्या कंपन्यांत कर्मचाऱ्यांसाठी बाहेरच्या संस्थेचं मोफत समुपदेशन असतं, ते असतं हेच कुणाला माहीत नसतं. एचआरला मेल करून विचारा आणि कंपनीला नावं कळतात का हेही विचारा. त्रासाचं मूळ कामावरची छळवणूक असेल तर समुपदेशन हा त्यावरचा उपाय नव्हे. तारीख-वेळेनिशी लिहून ठेवायला लागा. लैंगिक छळ असेल तर दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी तक्रार समिती असणं २०१३ पासून सक्तीचं आहे.

रात्री दोन वाजता

टेली-मानस, १४४१६. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येतं. दुसरा क्रमांक १८०० ८९१ ४४१६. जीव नकोसा होण्याची वाट पाहू नका; झोप येत नाही एवढ्यावरही फोन करता येतो.

जीव द्यावासा वाटत असेल, किंवा सोबतचं कुणी तसं बोलत असेल, तर एकटं राहू नका आणि एकटं सोडू नका. गोळ्या, कीटकनाशक, जे हाताशी असेल ते घरातून बाहेर शेजाऱ्यांकडे ठेवा. "असं काही डोक्यात येतंय का?" हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, असलेला बाहेर येतो. कुणी स्वतःला इजा केली असेल तर १०८ ला फोन करा आणि थेट गोमेकॉ. पोलिसांच्या भीतीने उशीर करू नका. २०१७ चा कायदा अशा माणसाला तीव्र ताणाखाली असलेला मानतो, त्याला शिक्षा न करता उपचार आणि पुनर्वसन देण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो.

आता एक काम आजच करा. कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा: १४४१६, १०८, तुमच्या डॉक्टरांचा नंबर, घरमालकांचा नंबर, गोव्यातल्या अशा एका माणसाचा नंबर ज्याला रात्री दोन वाजता उठवलं तर चालेल. पाचवी ओळ रिकामी राहत असेल तर राहू दे, पुढच्या तीन महिन्यांचं काम तेच. रात्री भेदरलेल्या हाताला फोनमधला नंबर सापडत नाही, म्हणून कागद. माझा स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. पाहुण्यांना दिसत नाही, चहासाठी साखर काढताना मला रोज दिसतो. पाचव्या ओळीवर काकींचा नंबर आहे.